हाड सांधले, पण नसेचे काय?

आपल्या संस्कृतीत पावलाला मोठा मान आहे. नववधू लक्ष्मीच्या पावलांनी घरात येते, गौरी पावलांच्या ठशांवरून आत येतात, बाळाच्या पहिल्या पावलाचे कौतुक सारे घर करते. आपल्या उज्जयिनीत तर वैशाखाच्या रणरणत्या उन्हात ११८ किलोमीटरांची पंचक्रोशी यात्रा हजारो भाविक पायी पूर्ण करतात आणि त्यांतील कित्येकजण अनवाणी चालतात. असे असूनही दवाखान्यात सर्वांत कमी वेळ ज्या अवयवाच्या वाट्याला येतो, तो पाऊलच. पाय मुरगळला, सुजला, क्ष-किरण चित्र काढले, ‘हाड शाबूत आहे’ असे सांगितले, क्रेप बँडेज गुंडाळले, गोळ्या लिहून दिल्या, प्रकरण संपले. हाड मोडले असेल तर प्लास्टर घातले, काही आठवड्यांनी काढले, पुन्हा चित्र पाहिले, ‘हाड छान सांधले’ म्हटले, प्रकरण संपले.

बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ते खरोखरच संपते. काहींच्या बाबतीत मात्र खरी कहाणी तेथून पुढे सुरू होते. सूज उतरते, जखम भरते, हाड जुळते आणि तरीही तळव्याची आग होते, बोटांत मुंग्या येतात, रात्री पाय पांघरुणाबाहेर काढून बसावे लागते. चित्रात काहीच दिसत नाही, म्हणून दुखणे ‘मनाचे’ ठरते. हा लेख अशा रुग्णांविषयी आहे.

मी अस्थिरोगतज्ज्ञ नाही. लहान मुलांचा डॉक्टर आहे. मग या विषयात मी का पडावे? त्याचे उत्तर असे की, सर्वांनी ‘काही झालेले नाही’ असे सांगितलेले लंगडणारे मूल अखेरीस बालरोगतज्ज्ञाकडेच येते. आणि त्याच्यासोबत आईवडिलांचा एक दबका प्रश्न येतो: “डॉक्टरसाहेब, हा शाळा बुडवायला नाटक तर करत नाही ना?” या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आपण डॉक्टर मंडळींनी काय तपासले पाहिजे, हे मला मांडायचे आहे.

घोट्यातील अरुंद वाटा

क्ष-किरणांत हाड दिसते, मज्जातंतू दिसत नाही. ही गोष्ट वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. व्यवहारात मात्र आपण ती विसरतो. पावलाकडे जाणारे मज्जातंतू, ज्यांना आपण बोलीभाषेत सर्रास ‘नस’ म्हणतो, गुडघ्यापासून बोटांपर्यंत अनेक अरुंद जागांतून वाट काढतात. आपल्या जुन्या शहरातील गल्ली डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना पक्क्या भिंती, मधून जेमतेम वाट. एरवी सारे सुरळीत चालते. पण गल्लीत एखादी हातगाडी आडवी झाली की सारी रहदारी अडते. भिंती सरकत नाहीत, चेंगरतो तो मधला माणूस.

घोट्याच्या आतल्या बाजूस, हाडाच्या उंचवट्यामागे अशीच एक गल्ली आहे. एका बाजूस हाड, दुसऱ्या बाजूस चिवट पट्टा, आणि त्यामधून रक्तवाहिन्या, बोटे वाकवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या व तळव्याला संवेदना देणारा पोस्टीरियर टिबियल मज्जातंतू जातात. या बोगद्याला टार्सल टनेल म्हणतात. तेथे मज्जातंतू दाबला गेल्याने होणाऱ्या विकाराला १९६२ मध्ये केक व लॅम या दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या लेखांतून आजचे नाव मिळाले. मनगटातील कार्पल टनेलचा हा पायातला भाऊ. पण मनगटाच्या विकाराला जी प्रसिद्धी मिळाली, ती या भावाला मिळाली नाही.

अन्य वाटाही आहेत. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस फिब्युला हाडाच्या मानेला वळसा घालून जाणारा कॉमन पेरोनियल मज्जातंतू तेथे जवळजवळ कातडीखालीच असतो. प्लास्टरची वरची कडा तेथे रुतली तर पाऊल वर उचलता येईनासे होते. पुढे त्याची एक शाखा पोटरीच्या खालच्या भागात स्नायूंवरचे आवरण भेदून बाहेर येते, आणि पाय आत मुरगळला की नेमकी तेथे ताणली जाते. दुसरी शाखा घोट्याच्या पुढून, जेथे आपण बुटाची नाडी बांधतो तेथून जाते आणि अंगठा व शेजारचे बोट यांच्यामधल्या चिमूटभर जागेला संवेदना देते. घोट्याच्या बाहेरच्या बाजूने सुरल मज्जातंतू जातो.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मांची गणना आहे. तेथे घोट्याचे गुल्फ मर्म आणि मनगटाचे मणिबंध मर्म ही दोन्ही ‘रुजाकर’, म्हणजे वेदना देणाऱ्या मर्मांच्या एकाच गटात घातली आहेत. गुल्फ मर्माला आघात झाल्यास वेदना, पायाचा ताठरपणा किंवा लंगडेपणा येतो, असे तेथे सांगितले आहे. यावरून प्राचीनांना मज्जातंतूंवरील दाब कळला होता, असा दावा करणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु या जागेची दुखापत क्षुल्लक मानू नये, हे निरीक्षण त्यांनी करून ठेवले, एवढे खरे.

दुखापतीनंतर या वाटा अरुंद होण्याची कारणे अनेक. सुरुवातीला सूज आणि साकळलेले रक्त. नंतर जखमेचा कठीण व्रण. हाड किंचित वाकडे जुळले तर भिंतीचा आकारच बदलतो. आणि कधी कधी दाब बाहेरून येतो: घट्ट प्लास्टर, कचकचून बांधलेली पट्टी, तंग बूट. जर्मन शल्यविशारद फोल्कमान याने अतिघट्ट पट्ट्यांमुळे होणाऱ्या स्नायूंच्या कायमच्या हानीविषयी १८८१ मध्ये लिहिले. त्याला आता जवळपास दीड शतक होत आले. तरी मुरगळलेल्या पायावर बांबूच्या पट्ट्या घट्ट आवळून ‘हाड बसवण्याचा’ प्रकार माळव्यातील खेड्यांत आणि शहरातही अजून पाहावयास मिळतो.

रुग्णाचे शब्द ऐका

मज्जातंतूची वेदना साध्या वेदनेहून वेगळी असते, आणि तिचे वर्णन रुग्ण स्वतःच करतो. आपण ते ऐकून घेतले पाहिजे. २००५ मध्ये फ्रेंच वैद्यांनी अशा वेदना ओळखण्यासाठी दहा मुद्द्यांची एक प्रश्नावली तयार केली. आग होणे, विजेचा झटका बसणे, मुंग्या येणे, टाचण्या टोचणे, बधिरता असे मुद्दे तिच्यात आहेत. ती वाचताना मला वाटले, आपल्या आजीच्या तोंडी हे सारे शब्द होतेच. मराठीत ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, आग वेगळी, मुंग्या वेगळ्या. सुजलेल्या, पिकलेल्या जागेत ठणका असतो. चमक निघते ती बहुधा नसेतून. जो डॉक्टर ‘दुखते का?’ एवढेच विचारून थांबतो, तो या शब्दभांडाराचा लाभच घेत नाही.

आपल्या उज्जैनच्या मराठी घरांतील मुले मात्र घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. त्यांना ‘मुंग्या’ हा शब्द कदाचित सुचणार नाही. ती ‘झुनझुनी’ म्हणतील, ‘पैर सुन्न है’ म्हणतील, ‘करंट लागतो’ म्हणतील. चार-पाच वर्षांचे मूल तर यातले काहीच म्हणणार नाही. ते बूट फेकून देईल, मोजा घालू देणार नाही, पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालेल. लहान मुलात वागणूक हीच तक्रार असते. तिला ‘हट्ट’ म्हणण्यापूर्वी एकदा तिचा अर्थ लावून पाहावा.

काही वर्षांपूर्वी एका अकरा वर्षांच्या मुलीला माझ्याकडे आणण्यात आले. तीन महिन्यांपूर्वी सायकलच्या मागच्या चाकात तिचा पाय सापडला होता. हाड मोडले नव्हते, सूजही गेली होती. घरात ती चपला घालून नीट हिंडे. शाळेच्या दिवशी सकाळी मात्र रडारड. शाळेने आईवडिलांना बोलावून ‘मुलगी कारणे सांगते’ असे सुनावले होते. मी तिला विचारले, “बाळ, बूट घातल्यावर नक्की काय होतं?” ती म्हणाली, “डॉक्टरकाका, लेस बांधली की बोटांत करंट लागतो.” निदान तिने स्वतःच सांगितले होते. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये कापसाचा स्पर्श तिला दुसऱ्या पायापेक्षा कमी कळत होता. पावलावर, नेमक्या नाडीच्या जागी हलके टिचकी मारली की ‘करंट’ त्याच जागी जात होता. उपाय साधा होता. नाडी त्या जागेवरून न ओवता एक भोक सोडून ओवायची, बुटाच्या जिभेखाली मऊ फोम लावायचा, आणि काही दिवस शाळेत सँडल घालू द्यावेत अशी चिठ्ठी. दीड-दोन महिन्यांत रडारड थांबली. शस्त्रक्रिया नाही, महागडी तपासणी नाही. तिचे दुखणे जितके खरे होते, तितकेच ‘हाड शाबूत आहे’ हे वाक्यही खरे होते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, एवढेच आपण ध्यानात घ्यायला हवे.

दोन मिनिटांची तपासणी

‘ओपीडीत रांग लागलेली असते, एवढा वेळ कोणाला?’ हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. परंतु पावलाच्या संवेदनेची प्राथमिक तपासणी दोन मिनिटांत होते. दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी पाहावे. कापसाचा बोळा तळव्यावर, टाचेवर, पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात, पावलाच्या वरच्या आणि बाहेरच्या बाजूस फिरवावा आणि ‘दोन्हीकडे सारखे कळते का?’ असे विचारावे. अंगठा व पाऊल वर उचलायला, खाली दाबायला, बोटे पसरायला सांगावे. मग मज्जातंतूच्या मार्गावर बोटाने टिचकी मारावी. झिणझिण्या पुढे गेल्या तर त्या जागी काही तरी आहे. ही खूण फ्रान्सच्या टिनेलने आणि जर्मनीच्या हॉफमानने १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात परस्परांविरुद्ध लढणाऱ्या देशांत राहून, स्वतंत्रपणे नोंदवली. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही.

माझी पहिली सूचना हीच: पायाच्या प्रत्येक दुखापतीत, प्लास्टर घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतर, संवेदना व बोटांची हालचाल यांची एक ओळ कागदावर लिहिली जावी. ती ओळ रुग्णाच्या हिताची आहे आणि पुढे वाद उद्भवल्यास डॉक्टरच्याही हिताची आहे.

येथे एक धोक्याची सूचना सर्वसामान्य वाचकांसाठी. प्लास्टर घातल्यावर वेदना कमी होत जायला हवी. ती वाढत गेली, मूल अस्वस्थ झाले, सतत वेदनाशामक मागू लागले, बोटे हलके ताणली तरी किंचाळू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच वेळी, मध्यरात्र असली तरी, रुग्णालयात जावे. आत दाब वाढून स्नायू व मज्जातंतू गुदमरत असतील तर हातात काही तासच असतात. अशा वेळी ‘नाडी लागते आहे, म्हणजे ठीक आहे’ असे सहकाऱ्यांनी समजू नये. नाडी हरवते ती फार उशिरा.

पोलिओ गेला, सवय जाऊ नये

माझ्या पिढीच्या बालरोगतज्ज्ञांना पाय तपासण्याची शिस्त पोलिओने लावली. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा येथे आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्या विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्या वर्षांत पंधरा वर्षांखालील मुलाच्या पायात अचानक लुळेपणा आला की त्याची नोंद करून पोलिओ, गियाँ-बारे, मज्जारज्जूचा दाह आणि आघाताने झालेली मज्जातंतूची इजा यांचा विचार ओळीने करावा लागे. या शेवटच्या गटात, कुल्ल्यावर चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनमुळे पाऊल लुळे पडलेली मुले असत. नोंद करण्याचा नियम आजही कायम आहे. पण पोलिओची भीती गेल्यावर पायाकडे बारकाईने पाहण्याची सवय सैल होत चालली आहे, असे मला वाटते. रोग गेल्याचा आनंद जरूर मानावा. त्याने शिकवलेली तपासणी मात्र पुढच्या पिढीकडे सोपवावी.

सारेच दाबाचे नसते

एखाद्या विकाराचे नाव नवे कळले की तो सर्वत्र दिसू लागतो, ही आपल्या व्यवसायातील जुनी खोड आहे. म्हणून दुसरी बाजूही मांडतो. एकाच पायात, दुखापतीनंतर, ठरावीक पट्ट्यात मुंग्या असतील तर दाबाचा विचार करावा. दोन्ही पायांत मुंग्या असतील तर मोठ्यांमध्ये आधी मधुमेह आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पाहावी. शाकाहारी कुटुंबांत ही कमतरता विरळ नाही. न दुखणारी जखम, बधिर चट्टा, घोट्यामागे जाड झालेली नस दिसली तर कुष्ठरोग विसरू नये. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे निर्मूलन झाल्याचे २००५ च्या अखेरीस देशपातळीवर मानले गेले, तरी नवे रुग्ण आजही आढळतात आणि वेळेवर दिलेल्या औषधाने ते बरे होतात.

मुलांमध्ये आणखी एक विकार ध्यानी घ्यावा. किरकोळ दुखापतीनंतर पाऊल थंड, निळसर वा लालसर पडते आणि चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. या कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोममध्ये पुन्हा पुन्हा प्लास्टर घालणे घातक. हळूहळू हालचाल, व्यायाम आणि मुलाला दिलेला विश्वास हाच मुख्य उपचार. आणि होय, क्वचित एखादे मूल शाळेच्या किंवा घरच्या ताणामुळेही लंगडते. पण तो निष्कर्ष तपासणीच्या शेवटी यावा, सुरुवातीला येऊ नये. शिवाय तसे लंगडणारे मूलही लबाड नसते. त्याचे दुखणे फक्त दुसऱ्या जागी असते.

उपचारांबाबतही घाई नको. मज्जातंतू नुसता दबलेला असेल तर दाब काढल्यावर बहुधा तो आठवड्यांत किंवा काही महिन्यांत सावरतो. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे इंचभर वाढतात. गुडघ्यापासून बोटांपर्यंत पोहोचायला वर्षही लागू शकते. ही गोष्ट रुग्णाला सुरुवातीलाच समजावून सांगितली तर निम्मी निराशा टळते. पादत्राणात बदल, कमानीला आधार, फिजिओथेरपी, मज्जातंतूच्या वेदनेवरील वेगळी औषधे हा पहिला मार्ग. मज्जातंतूच्या वहनाची तपासणी, सोनोग्राफी, एमआरआय या गरजेनुसार. मात्र वहनाची तपासणी निर्दोष आली म्हणून दाब नाहीच, असेही म्हणता येत नाही. गाठ किंवा हाडाचा तुकडा असे दाबाचे निश्चित कारण सापडले तर शस्त्रक्रियेचा उपयोग अधिक होतो. कारण न सापडता केलेल्या शस्त्रक्रियेचा भरवसा कमी.

आपण काय करू शकतो

मुलांच्या पावलांच्या कित्येक दुखापती टाळता येण्याजोग्या आहेत. दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाचा पाय पायदानापर्यंत पोहोचत नाही; तो चाकाजवळ लोंबकळतो. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण दुचाकीला असावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात, पण तो विचार मुख्यतः साडी-ओढणी अडकू नये म्हणून. फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी चार वर्षांखालील बालकासाठी सुरक्षापट्टा, नऊ महिन्यांपुढील बालकाला हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरांची वेगमर्यादा घातली. डोके आणि देह यांची काळजी झाली. पावलांची आपण घ्यायची आहे. चाकाला पूर्ण जाळी, मुलाच्या पायात बंद बूट, आणि पाय पोहोचेपर्यंत मागे एकटे न बसवणे, इतके पुरे.

दुसरी गोष्ट आपल्या संस्थेसाठी. २०१६ चे सिंहस्थ आपण पाहिले. २०२८ चे आता समोर आहे. पंचक्रोशी तर दरवर्षीचीच. अशा वेळी सेवाशिबिरांत फोड, भेगा, मुरगळलेले घोटे यांची रीघ लागते आणि आपण मलम व पट्ट्या देऊन समाधान मानतो. प्रत्येक शिबिरात कापसाचा एक बोळा संवेदना तपासण्यासाठी वेगळा ठेवावा आणि पट्टी बांधलेल्या प्रत्येक यात्रेकरूला हिंदी व मराठीत छापलेली एक चिठ्ठी द्यावी: ‘मुंग्या आल्या, बोटे बधिर वा थंड झाली, वेदना वाढली तर पट्टी सोडा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.’ तो माणूस दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर पुढे गेलेला असतो. आपण त्याला पुन्हा भेटणार नसतो. ती चिठ्ठीच आपल्या वतीने त्याच्यासोबत चालेल.

पालकांना आणि शिक्षकांना एवढीच विनंती: दुखापतीनंतर महिना-दीड महिन्यानेही मूल बूट घालायला नाही म्हणत असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी विचारा, ‘नक्की कुठे, आणि कसं होतं?’ आणि सहकारी डॉक्टरांना विनंती: चित्र उजेडात धरून पाहतो तितक्याच आस्थेने ते पाऊल एकदा हातात घेऊन पाहा.